तात्यांचे चारशे तास

साखर कारखान्याच्या जिवावर वाढलेल्या एका गावात दहातोंडे तात्या राहत. कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षे कामगारांची हजेरी लिहिली. कोण कधी आला, कोण कधी गेला, सारे मिनिटागणिक टिपून ठेवले. त्यांच्या खिडकीपाशी यायला भलेभले घाबरत. पण तात्यांनी एखाद्याचा तास खोटा लिहिला, असे कुणी कधी म्हटले नाही.

निवृत्त झाल्यावर तात्यांना क्रेडिट कार्डांचा नाद लागला. किराणा एका कार्डावर, पेट्रोल दुसऱ्यावर. दोन्ही मुलांच्या घरची खरेदीही तात्यांच्याच कार्डांवर. बिल मुदतीच्या आत पुरते भरायचे, व्याजाचा एक पैसा द्यायचा नाही आणि बँक देईल ते पॉइंट नि सवलती गोळा करायच्या. वर्षाअखेर अठरा हजार रुपये पदरात पडले. तात्यांनी काकूंना विमानाने तिरुपतीला नेऊन आणले. मग काय, बँक तात्यांना फुकट पैसे देते, असा गावभर गवगवा झाला.

कुणी विचारलेच, "वेळ किती जातो हो?" की तात्या चुटकी वाजवत. "छे! चहा पिता पिता होतं."

खरे सांगायचे तर तो चहा रोज गार होई. अटींची बारीक अक्षरे भिंग लावून वाचायची. कोणत्या कार्डाचे बिल कधी, कोणती सवलत कोणत्या दुकानात, ते वहीत मांडायचे. पॉइंट जमा झाले नाहीत की बँकेला फोन लावायचा आणि कानात गाणे वाजत असताना ताटकळत बसायचे. बँकेने नियम बदलले की पुन्हा श्रीगणेशा. दुपारची वामकुक्षी तर केव्हाच सुटली होती. माणूस मोठा नेटका आणि चिकाटीचा. फक्त कष्ट लपवून हुशारी मिरवण्याची हौस होती. ती कुणाला नसते?

शेजारची सारिका शिवणकाम करी. ब्लाउज, फॉल-पिको. दिवसभर खाली वाकून मान अवघडून जाई. पण घरात तिचे स्वतःचे म्हणावेत असे पैसे तेवढेच होते. तात्यांची कीर्ती ऐकून तिने मशीन विकायचे आणि कार्डे घ्यायची ठरवले. गिऱ्हाईक मिळाले. शनिवारी पाच वाजता ते टेम्पो घेऊन येणार होते.

त्याच शनिवारी चार वाजता सारिकाकडे बायकांची भिशी होती. फुकटच्या कमाईची विद्या शिकवायला त्यांनी तात्यांना बोलावले होते. शाल आणली होती, नारळ आणला होता. तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले.

"या, तात्या," सारिका म्हणाली. "तुमच्यामुळं माझी मान सुटली बघा. पाच वाजता मशीन न्यायला माणूस येतोय."

"कशाला?"

"विकलं ना! आता चहा पिता पिता कमवायचं, तुमच्यासारखं."

तात्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिले, मग घड्याळाकडे. गप्प राहिले असते तर शाल अंगावर पडली असती. खरे बोलावे तर वर्षभर मिरवलेली हुशारी बायकांसमोर उघडी पडणार होती. मग त्यांनी शाल बाजूला सारली.

"सारिका, एका ब्लाउजला तुला किती वेळ लागतो?"

"दोन तास."

"शिलाई?"

"अडीचशे."

"म्हणजे तासाला सव्वाशे. आता माझी हजेरी लिही. रोज एक तास, एकही खाडा नाही, वर्षाचे तीनशे पासष्ट. बँकेच्या फोनवर ताटकळलो ते पस्तीस. झाले चारशे. मिळाले अठरा हजार."

भिशीतल्या लोखंडेवहिनींनी बोटांवर हिशेब केला आणि त्यांना हसू फुटले. "अगं बाई! तासाला पंचेचाळीस? त्यापेक्षा आमच्या भांडीवाल्या मावशी जास्त घेतात की!"

एकच हशा पिकला. तात्यांचे कान लाल झाले, पण ते जागचे उठले नाहीत.

"घेत असतील," ते म्हणाले. "मला त्याची गोडी आहे, पोटाची काळजी नाही, म्हणून मी करतो. उद्याही करीन. पण बत्तीस वर्षं मी लोकांचा पाव तास सोडला नाही आणि स्वतःचे चारशे तास दडवले. म्हणून तू हातचं सोडून पळत्याच्या मागं निघालीस. चूक माझी आहे, पोरी."

सारिकाचे डोळे भरून आले. तिला रागही आला होता. "हे आधी नाही का सांगायचं, तात्या? मी कालच सगळ्यांची कापडं परत केली. आता कोण देणार मला काम?"

तात्या उठले. "कुणाकुणाची? नावं सांग."

पाच वाजता टेम्पो आला आणि रिकामाच परत गेला. तेव्हा तात्या गल्लीत दारोदार फिरत होते. प्रत्येक दारात कापड मागायचे, आणि कापड मागायचे तर कारण सांगायचे. चारशे तास, पंचेचाळीस रुपये. प्रत्येक दारात तेच हसू. एकाही घरी त्यांनी आकडा वाढवून सांगितला नाही. फुकटच्या कमाईचे गुरू हवे तेवढे भेटतात. आपल्या विद्येचे खरे मोल असे घरोघर सांगत फिरणारा मात्र आम्ही एकच पाहिला.

दिवेलागणीला तात्या अकरा ब्लाउजपीस घेऊन सारिकाच्या दारात आले. "मोजून घे," म्हणाले. सारिकाने वरचे कापड उचलले आणि ती मशीनवर बसली. मशीन सुरू झाल्याचा आवाज कानी पडला, तेव्हाच तात्या घरी गेले.

तात्पर्य: कमाईचा आकडा सांगणाऱ्याने तिला लागलेले तासही सांगावेत. त्यात आपला तोरा उतरला तरी चालेल, पण त्यापायी दुसऱ्याचा चालता धंदा बुडू नये.