नखाएवढी खात्री

ढगांच्याही वर, एका डोंगराच्या खांद्यावर लहानसं गाव होतं, आणि त्या गावात हैबती नावाचा एक लाकूडतोड्या राहत होता. गावाचा एक नियम फार कडक होता. जितं झाड तोडायचं नाही, वाळलेलं तेवढंच तोडायचं. उन्हाळ्यात हे सोपं असतं, पानं सांगतात. पण थंडीत त्या डोंगरावरची झाडं सगळीच बोडकी व्हायची, मेलेलीही आणि जिवंतही. मग ओळखायचं कसं? तर अंगठ्याच्या नखाने फांदीची साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड झोपलंय, पुढे चला. आत तपकिरी दिसलं तर खुशाल कुऱ्हाड घाला.

हैबतीचं नख कधी चुकलं नव्हतं. दहा वर्षांत त्याच्या हातून एकही जितं झाड पडलं नव्हतं, आणि गावात त्याला मान होता तो त्यामुळेच. माणूस सरळ, कष्टाळू, ना कसलं व्यसन ना कुणाशी भांडण. खोड म्हणाल तर एकच. जे डोळ्यांनी दिसत नाही त्यावर त्याचा विश्वास बसायचा नाही.

त्यालाही कारण होतं म्हणा. त्याच्या थोरल्या भावाने खालच्या मुलखातली बायको केली होती. दुसऱ्याच वर्षी ती माहेरी गेली ती गेलीच. भाऊ रोज घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायचा. बसून बसूनच खंगला बिचारा. हैबतीने त्याला स्वतःच्या खांद्यावरून शेवटचं नेलं होतं.

आणि नशीब तरी कसं असतं बघा! एकदा मोळ्या घेऊन हैबती खालच्या बाजाराला उतरला, तिथे समुद्राकाठच्या एका घरची आवडा त्याच्या नजरेला पडली आणि त्याचा जीव जडला. नको नको म्हणत त्याने तिच्या बापाचं दार वाजवलं. चैत्रात लग्न झालं.

आवडा बोलकी होती. घरात आली आणि चार भिंतींना कंठ फुटला. येताना तिने करवंटीत घालून आईच्या दारातल्या मधुमालतीचं रोप आणलं होतं. फुटक्या रांजणाच्या बुडात माती भरून तिने ते दाराशी लावलं. पावसाळ्यात वेल वळचणीला पोहोचला आणि असा फुलला की बाया पाणी भरायची वाट सोडून बघायला येऊ लागल्या. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं सकाळी गुलाबी, आणि दुसऱ्या दिवशी लाल. डोंगरावर असलं कुणी पाहिलंच नव्हतं.

आश्विन सरला आणि वरून पहिला बोचरा वारा सुटला. शेजारची धुरपदाआत्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "आवडे, हा वेल इथला नव्हे गं. एका रात्रीच्या हिवाने काळा पडेल. थंडीत आम्ही करडं घरात घेतो, तसा घे त्याला आत."

आवडाने वेल छाटला. वाढलेले सगळे शेंडे काढून अडीच हात खोड ठेवलं आणि रांजणाचं बूड ओढत ओढत मागच्या खोलीत नेलं. चुलीच्या भिंतीमागचा कोपरा तिने निवडला. तिथे आच लागत नव्हती आणि हिवही शिरत नव्हतं. आठ दिवसांत पानं पिवळी पडली, गळली, आणि मातीत एक काटकी तेवढी उभी राहिली.

"मेला की हा," हैबती म्हणाला.

"मेला कसला! झोपलाय. आमच्याकडे भर उन्हाळ्यात विहिरी आटल्या की तो असाच होतो. आई पंधरा दिवसांनी ओंजळभर पाणी घालायची, बाकी हातसुद्धा लावू द्यायची नाही कुणाला. मुळाला कळतं कधी उठायचं ते. पाडव्याला बाहेर काढू." मग ती हसून म्हणाली, "आणि अहो, पाडव्याला घाट उघडला की मी आठ दिवस माहेरी जाऊन येईन. पहिलं माहेरपण आहे माझं."

हैबतीने लगेच विचारलं, "परत येशील ना?"

"हा वेल इथे ठेवून जातेय, दिसत नाही का?"

ती हे सहज बोलली. पण हैबतीने ते मनात गच्च धरलं. वेल जगला तर आवडा परत येणार, वेल मेला तर नाही येणार. असं त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. त्याचं त्यानेच ठरवलं आणि त्याचं तोच घाबरला.

मार्गशीर्षात घाटाची वाट बर्फाने बुजली. एके सकाळी आवडा झऱ्यावर गेली असताना हैबती मागच्या खोलीत शिरला. त्याने काटकीच्या शेंड्याजवळ नख लावलं. साल सुटली. आत हिरवंगार होतं. त्याला इतका आनंद झाला की त्या दिवशी त्याने दुप्पट लाकडं फोडली.

तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी रात्रभर वारा घोंघावला आणि सकाळी त्याच्या मनात आलं, त्या दिवशी होता जिवंत, पण आजचं काय? त्याने पुन्हा नख लावलं. हिरवं. दोन दिवसांनी पुन्हा. हिरवं. मग रोजच. नख लावल्याशिवाय त्याला कामाला जावंसं वाटेना.

आणि जसं वेलाशी, तसंच आवडाशी. जेवताना तिच्या तोंडाकडे बघत तो विचारायचा, "करमतं ना गं तुला इथे?"

"करमतं की."

"खरं सांग."

"अहो, खरंच करमतं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "माहेरची आठवण येते ना?" येते म्हणाली तर हा रात्रभर कूस बदलत राहायचा. नाही म्हणाली तर म्हणायचा, "माझ्यापासून लपवतेस." आता सांगा, या माणसाला काय उत्तर द्यावं? आधी ती हसून बोलायची, मग नुसतं बोलायची, पुढे पुढे नुसती मान हलवायची. ती गप्प झाली की त्याला भीती वाटायची, आणि भीती वाटली की तो आणखी विचारायचा.

पौषात एक वेगळंच झालं. नख लावलं ती जागा वाळली आणि तिच्यावरचा शेंडाही वाळला. हैबतीने शेंड्याला नख लावलं तर आत तपकिरी! घाईघाईने त्याने वीतभर खाली खरवडलं. तिथे हिरवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तिथलंही कडेने काळवंडलं, म्हणून तो आणखी खाली आला. कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. तहान लागली असेल बिचाऱ्याला, असं वाटून तो आवडाच्या नकळत रोज तांब्याभर पाणीही ओतू लागला.

एकदा धुरपदाआत्या विस्तव मागायला आली आणि तिने त्याला पाहिलं. रांजणापुढे उकिडवा बसून तो खोडाला डोळा लावून बघत होता.

"हैबती, अरे तो बोटाएवढ्या जाडीचा वेल आहे. जंगलातलं झाड नव्हे."

"एका नखाने काय होतंय, आत्या?"

"एका नखाने नाही रे होत."

हैबती ओशाळला. आत्या तेवढंच बोलून विस्तव घेऊन गेली. नवराबायकोच्या घरात आपण कशाला बोलायचं, असं तिला वाटलं असावं. हैबतीने त्या दिवशी हात आवरला. दुसऱ्या दिवशीही आवरला. तिसऱ्या दिवशी त्याच्याने राहवलं नाही. त्याला वेल मारायचा नव्हता हो! उलट तो वेल जगावा म्हणून देवाला हात जोडत होता. पण जोडलेले हात सोडले की ते थेट वेलाकडे जात.

माघ आला. आवडाचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. हैबतीला वाटलं, आता हिच्या मनात काय आहे ते एकदाच उघड करून बघावं. संध्याकाळी रानातून आला, कुऱ्हाड टेकवली आणि म्हणाला, "आवडे, बर्फ जरा फुटलंय. तुझा भाऊ घाटाखाली येऊन थांबलाय. तुला न्यायला आलाय."

आवडा ताडकन उठली. महिनाभर विझलेला तिचा चेहरा एकदम उजळला. "दादा? खरंच? एवढ्या थंडीत आला?" तिने फडकं पसरलं, त्यात डब्यातले दोन गुळाचे खडे भावासाठी ठेवले, दांडीवरचं एक लुगडं घेतलं आणि गाठ मारायला बसली.

दांडीवर तिची आणखी तीन लुगडी होती. तिने एकच घेतलं होतं, आठ दिवसांपुरतं. पण हैबती गाठोड्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता.

"कुणी आलेलं नाही," तो म्हणाला. "मी नुसतं बघत होतो."

आवडाचा हात गाठीवरच राहिला. मग तिने गाठ सोडली, गूळ डब्यात ठेवला आणि भाकरी टाकायला घेतली. त्या दिवसानंतर हैबतीने काहीही विचारलं तरी ती "हो" म्हणायची. करमतं का? हो. जायचंय का? हो. राहायचंय का? हो.

पाडवा आला. घाट उघडल्याची खबर घेऊन माणसं आली, दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. आवडाने मागच्या खोलीतून रांजणाचं बूड ओढत अंगणात आणलं. मागच्या खोलीत अंधार असायचा, आणि ती बापडी पंधरा दिवसांनी ओंजळभर पाणी घालून हात न लावता परत यायची. उन्हात तिने प्रथमच ते खोड नीट पाहिलं. शेंड्यापासून मातीपर्यंत ओरखडे. सगळ्या बाजूंनी. बोटभर जागाही धड उरली नव्हती. तिने खोड जरा ओढलं तर ते अलगद हातात आलं. खाली मुळं काळी, बुळबुळीत झाली होती आणि त्यांना कुजका वास येत होता.

हैबती दारात उभा होता.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"मी."

"कधी?"

"रोजच."

"आणि रोज काय दिसायचं?"

"हिरवं," हैबती म्हणाला. "पौषापर्यंत हिरवंच होतं."

"मग पुरे का नाही झालं तुम्हाला?"

"उद्याचं कुठे कळत होतं गं?" तो एवढंच म्हणाला.

आवडा रडली नाही, ओरडली नाही. तिने अंगणात सांडलेली माती केरसुणीने गोळा केली, हात धुतले, आणि खाली बाजाराला निघालेल्या बायांबरोबर ती त्याच दिवशी निघाली. हैबती घाटापर्यंत तिच्यामागे गेला. सणाचा दिवस होता, वाटेत लोक थांबवून गूळ हातावर ठेवत होते. घाटाच्या तोंडाशी त्याला राहवलं नाही.

"परत येशील ना?"

आवडा वळली. "थंडीभर तुम्ही हेच विचारलंत आणि थंडीभर मी खरंच सांगितलं," ती म्हणाली. "परत यायचं नाही असं कधी माझ्या मनातसुद्धा नव्हतं. ते तुम्ही माघात घातलंत." आणि ती उतरू लागली.

आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना झाला. ज्येष्ठात खालून मीठ घेऊन आलेल्या एका माणसाजवळ आवडाच्या बापाने निरोप दिला होता. मुलगी येणार नाही, तुम्ही आपली दुसरी सोय बघा, एवढाच निरोप होता.

हैबतीने त्या माणसाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "बरी आहे का ती?"

मीठवाल्याला आतलं काय ठाऊक! तो भोळेपणाने सांगून गेला, "बरी म्हणजे काय, छान आहे की! आली तेव्हा महिनाभर तोंडातून शब्द काढत नव्हती म्हणे. मग घरच्यांनी विचारायचंच सोडून दिलं. आता बोलते, हसते. आळीभर आवाज असतो तिचा."

हैबतीने मान हलवली. त्याने आणखी काही विचारलं नाही. मीठवाला पाणी पिऊन पुढच्या घरी गेला, आणि हैबती त्या बिनआवाजाच्या घरात एकटाच आत गेला.

तात्पर्य: ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यावर विश्वास टाकून धीर धरावा, रोज उठून खात्री करून बघणारा माणूस जिवंत गोष्ट स्वतःच्या हाताने मारतो, आणि वर म्हणतो, मला आधीपासून शंका होतीच.