बारा वर्षं मुकी राहिलेली घंटा

पूर्वी कधीतरी, सात डोंगरांपलीकडच्या एका राज्यात राणीचं मोठं धान्यकोठार होतं. पावसाने दगा दिला की राणी त्याची दारं उघडायची. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्याने यावं, कोठारासमोरच्या ओट्यावर बसावं, घरात माणसं किती, कमाई काय ते सांगावं आणि महिन्याचं धान्य न्यावं. ही विचारपूस करायला एक कोठावळा नेमलेला होता.

राणीचा त्याला एक हुकूम होता. काहीही विचारण्याआधी समोरच्याला त्याचे तीन हक्क आणि दोन जबाबदाऱ्या सांगायच्या. धान्य नाकारलं तर कारण सांगितलं जाईल. धान्याच्या बदल्यात कोणी फुकट राबवून घेणार नाही. आणि निर्णय चुकीचा वाटला तर राजवाड्याच्या दारातली घंटा वाजवावी, राणी स्वतः ऐकेल. हे झाले हक्क. जबाबदाऱ्या अशा, की जे सांगायचं ते खरं सांगायचं, आणि घरातली माणसं कमीजास्त झाली तर आठ दिवसांत येऊन कळवायचं.

कोठावळा माणूस सरळ. मूठभर दाणेही कधी इकडचे तिकडे करायचा नाही. पण बारा वर्षं सांगून सांगून या पाच गोष्टी त्याला इतक्या पाठ झाल्या होत्या, की तो त्या एका दमात, छान चालीवर म्हणून टाकायचा. शेवटी विचारायचा, "समजलं?" समोरचा म्हणायचा, "हो जी," आणि कागदावर अंगठा उठवायचा. रांग भराभर पुढे सरकायची.

त्याला एका गोष्टीचा भारी अभिमान होता. "बारा वर्षांत माझ्या कारभाराविरुद्ध एकदाही घंटा वाजलेली नाही!" हे तो पाहुण्यांना ऐकवायचा, न्हाव्याला ऐकवायचा, बायकोला तर महिन्यातून दोनदा ऐकवायचा. बिचारी तीही "हो जी" म्हणायची.

एका साली तळी आटली. माती भिजवायलाही पाणी उरलं नाही, तेव्हा कुंभारआळीतली चाकं थांबली. तिथली एक विधवा कुंभारीण कोठारावर आली. घरात पाच तोंडं: ती, दोन मुली, दीर आणि जाऊ. कोठावळ्याने आपली चाल म्हटली, तिने अंगठा दिला आणि पाच जणांचं धान्य सुरू झालं.

पुढे दीर आणि जाऊ कामाच्या शोधात दूरच्या मुलखात गेले. दोन महिने उलटले. पाहणीला आलेल्या शिपायाला तिच्या घरात तीनच माणसं दिसली, धान्य मात्र पाचांचं जात होतं. कोठावळ्याने तिला बोलावून घेतलं.

"बाई, आठ दिवसांत कळवायचं होतंस. कळवलं नाहीस. तुझं नाव काढलं."

"पण मी त्यांचं खाल्लं नाही हो! ते आल्यावर त्यांना लागेल म्हणून..."

"नियम तो नियम. पुढचे या!"

कुंभारीण रिकामी पाटी घेऊन गेली. ती राजवाड्याकडे वळते का हे कोठावळा मान उंचावून बघत होता. ती घराकडे वळली. "बघा," तो शिपायाला म्हणाला, "खरी असती तर घंटा वाजवली नसती का?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. डोक्यावर भला थोरला माठ, माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं. तिने तो ओट्यावर उतरवला.

"हे दिराच्या न् जावेच्या वाट्याचं. दोन्ही महिन्यांचं. आता तुम्ही नाही म्हणता, तर तुमचं तुम्हाला. कालपासून पोरी उपाशी आहेत, पण आमच्या घरात दुसऱ्याच्या वाट्याला कोणी हात लावत नाही."

कोठावळ्याने फडकं सोडलं. दाणे काठोकाठ होते.

"बाई, तू एवढी खरी, मग काल घंटा का नाही वाजवलीस?"

"कोणती घंटा?"

"अगं, अंगठ्याच्या आधी मी सांगितलं नव्हतं का? हक्क तीन, जबाबदाऱ्या दोन..."

"ते होय?" कुंभारीण गोंधळली. "ते तर तुम्ही स्तोत्र म्हणत होता ना? मी डोळे मिटून हात जोडले होते. धान्याआधी कोठावळे आशीर्वाद देतात, असं आमची सगळी आळी म्हणते."

रांगेतल्या लोकांनी माना डोलावल्या. एक धनगर म्हणाला, "फार गोड म्हणता तुम्ही."

बारा वर्षं घंटा का वाजली नाही, ते कोठावळ्याला आत्ता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागदावर तिचा अंगठा होता. गप्प बसला असता तर कोणी त्याला बोल लावला नसता. बोलला असता तर बारा वर्षांची कमावलेली शान भर दरबारात मातीला मिळाली असती. त्याने माठाकडे पाहिलं. दोन उपाशी पोरींच्या आईने भरलेला माठ परत आणला होता.

"चला बाई," तो उठला. "घंटा दाखवतो तुम्हाला."

घंटेच्या लोलकावर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. कोठावळ्याने ते हाताने झाडलं आणि दोरी तिच्या हातात दिली. घंटा अशी दणाणली की राणी स्वतः बाहेर आली.

"कोणाविरुद्ध तक्रार आहे?"

कुंभारीण घाबरून दोन पावलं मागे सरली. कोठावळाच पुढे झाला. "माझ्याविरुद्ध, राणीसाहेब. हिने अंगठा दिला, पण मी हिला काही सांगितलंच नव्हतं. नुसतं म्हणून दाखवलं होतं."

राणीने सगळी हकिकत ऐकली आणि तीन जणांचं धान्य तिथल्या तिथे सुरू करवलं. मग कोठावळ्याकडे वळली. "आता तुमचं काय करायचं?"

"काढायचं तर काढा. पण ठेवलंत, तर उद्यापासून माझी रांग संध्याकाळपर्यंत चालेल, एवढं आधीच सांगतो."

राणीने त्याला ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून तो एकेक गोष्ट थांबून सांगू लागला आणि प्रत्येकीनंतर म्हणू लागला, "आता हेच मला तुमच्या भाषेत सांगा." लोक लाजले, अडखळले, रांगेतले कुरकुरलेही. पहिली बसली ती कुंभारीण. तिने मान वर करून खणखणीत सांगितलं, "खोटं बोलायचं नाही. घरातलं माणूस गेलं-आलं तर आठ दिवसांत येऊन सांगायचं. नाही म्हणालात तर का ते विचारायचं, फुकट राबायचं नाही, आणि पटलं नाही तर तुमच्याच नावाने घंटा वाजवायची!"

"बरोब्बर!" कोठावळा ओरडला. त्याची छाती बारा वर्षांत कधी फुगली नव्हती एवढी फुगली.

त्या साली घंटा अकरा वेळा वाजली. प्रधान चिडवायला आला, "काय कोठावळे, तुमच्या त्या अभिमानाचं काय झालं?"

तेवढ्यात घंटा बाराव्यांदा वाजली. कोठावळ्याने पागोटं नीट केलं आणि म्हणाला, "ऐकलंत? त्या माणसाला मी शिकवलंय."

तात्पर्य एवढंच: हक्क आणि जबाबदाऱ्या समोरच्याच्या तोंडून त्याच्याच शब्दांत परत ऐकू येत नाहीत, तोवर आपण त्या सांगितल्या असं समजू नये.