बोळक्या आईचा गुरगुट्या भात

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा मी याच देवीला बोलले होते, 'आई, त्यांचं करताना माझ्या तोंडून वाकडा शब्द जाऊ देऊ नकोस. गुरगुट्या भात आणीन.' देवीचे ओठ कसे आत गेलेत, पाहिलंत ना? हिला ना नारळ, ना पुरणपोळी. हा मऊ भातच चालतो. त्याचं कारण असं सांगतात.

पूर्वी या खाडीतून गलबतं दूरदेशी जात. राघू तांडेल समुद्रावर असे आणि त्याची आई सोनाय अंथरुणाला खिळलेली. सगळं एकट्या सुनेच्या, गोमतीच्या, अंगावर. गलबत आलं की ती विचारी, "तिकडे म्हाताऱ्यांचं कोण करतं हो?"

धाकू खलाशी सांगे, एका देशात राजाने त्यांच्यासाठी मोठं घर बांधलंय. न्हाणं-खाणं वेळेवर, पण नावाने हाक मारायला कुणी नाही. दुसरीकडे आपल्यासारखंच, सून मोडेस्तोवर राबते. एका बेटावर मात्र म्हणे अख्खी आळी पाळीने करते.

"आमची म्हातारी नेली, तर दुपारच्या आत परत आणून टाकतील गो!" शेजारची काशी म्हणाली. सगळ्या हसल्या. गोमती हसली नाही.

त्याच संध्याकाळी तिने इथे नवस केला, "आई, आता तिला ने. नथ घालीन तुला."

देवळातलं बोलणं सोनायच्या कानी गेलंच. तिने ओठ मिटून घेतले. "चुकलं गो आये, खा," म्हणून गोमती रडली, पण घास आत जाईना. मग गुरवाने पाहिलं, तर देवीचेही ओठ आत ओढलेले. गाव हादरला.

काशीने भात पार मऊ शिजवला, गोमतीला आपल्या घरी निजायला धाडलं आणि सोनायजवळ बसली.

"का गो असं करतेस?"

"पोरगी देवीला बोललीय," सोनाय पुटपुटली. "तिचा नवस फळायला नको?"

काशीने भाताचा घास कालवला. म्हणाली, "तिला विसावा हवा गो, तुझं मरण नको. तिचा नवस मी या भाताने फेडते. रोज कुणीतरी येईल. उघड तोंड."

सोनायने तोंड उघडलं म्हणतात. देवीचे ओठ मात्र तसेच राहिले.

आजही इथला भात आपल्या घरी न्यायचा नसतो. दुसऱ्याच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला भरवायचा असतो. पण आमच्या आळीत आता कुलपं फार. मुलं परदेशी, तिथल्या वृद्धांच्या सोयी फोनवर सांगतात, आणि इथे एकटी बाई एकट्या म्हातारीला उचलत असते. भात शिजतो, न्यायला हात कमी पडतात. तरी देवी माणसं धाडते, असं मला वाटतं. तुम्हीच नाही का आलात?

तेवढं माझं ऐका. तुम्हीही बोला तिला. घरी गेलात की वाटीभर मऊ भात शिजवून शेजारचं दार वाजवा, आणि जी कुणी उघडेल तिला म्हणा, "मी बसते. तू जरा आडवी हो."