ओळखीचा बिंदू

“भन्ते, ओळखीचा बिंदू नेमका कुठे असतो?”

चपला काढायच्या आधीच चंद्रमणीने विहाराच्या दारातून सवाल टाकला. ॲक्युपंक्चरचं सर्टिफिकेट त्याने दवाखान्यात एवढ्या उंचीवर टांगलं होतं, की वाचायला शिडी लागावी. विद्या मात्र भन्ते शीलरत्नांनी शिकवलेली.

मागोमाग त्याची आई, गयाबाई. डिमेन्शियाने तिचं गाव, घर, पोटचा पोरगा, सगळं पुसत आणलेलं.

“झोप लागते तिला?” भन्तेंनी विचारलं.

“लागते.”

“किंचाळणं?”

“कमी झालं. डॉक्टरांच्या गोळ्या आहेत, वर माझ्या सुया.”

“मग?”

“मला ओळखत नाही ना!”

“हे दुखणं कुणाचं?”

चंद्रमणीला राग आला. तिथेच बैठक मारून त्याने सुया काढल्या. आईच्या कपाळावर एक, मनगटात एक. आणि दर सुईला प्रश्न, तोंडी परीक्षा घेणाऱ्या मास्तरासारखा.

“आई, मी कोण? सांग ना, मी कोण?”

गयाबाई भिंतीला चिकटली.

भन्ते उठले. तिच्या सुया हळूच काढल्या. मग एक नवी सुई घेतली आणि चंद्रमणीच्या अंगठ्याशेजारी खच्चकन…

“आयाया! भन्ते!”

“तिसरीत तुझ्या शेजारी कोण बसायचं?”

“आँ? … नाही आठवत!”

“आणखी खोल घालू?”

चीवर घातलेला माणूस आणि ही करणी! चंद्रमणीने आ वासला तो वासलेलाच. सुई लागलेला हात तसाच पुढे, जसा काही तो दुसऱ्या कुणाचा होता.

गयाबाईने ती सुई पाहिली. भिंत सोडून पुढे वाकली. त्या हातावर फुंकर घातली.

“दुखते का रे बापू?”

त्याने मान हलवली.

“कोणाचा तू? माय हाय ना तुले?”

त्याने तोंड उघडलं. भन्तेंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

“आहे,” तो कसाबसा म्हणाला.

“मंग इथं कायले बसला? जा तिच्याजवळ. वाट पाहत असन ते.”

चंद्रमणी भन्तेंकडे वळला.

“भन्ते… आता कुठे जाऊ?”

भन्तेंनी त्याच्या हातात रुतलेली सुई अलगद ओढून काढली.

“वीतभर पुढे सरक.”