न तपासलेली पहिली ओळ

पद्माकररावांना स्वतःच्या सावलीचाही संशय यायचा. मग अनोळखी माणसाने पाठवलेल्या संगणकाच्या कोडचा का येऊ नये? गावोगावच्या वाचनालयांसाठी त्यांनी नऊ वर्षांपूर्वी मोफत सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. त्यात कुणीही दुरुस्ती पाठवावी, असं वेबसाइटवर लिहिलेलं. पण तपासल्याशिवाय एक ओळही आत घ्यायची नाही, आणि तपासायचं तेही ज्याचं आधी काही मंजूर झालंय त्याचंच, हा त्यांचा नियम. नवा माणूस म्हटला की काहीतरी काळंबेरं असणारच.

चिपळूणच्या ग्रंथपाल नसीम काझी यांची दुरुस्ती सात महिने तशीच पडून होती. पुण्यातल्या वार्षिक बैठकीत त्या उभ्या राहिल्या, तेव्हा पद्माकररावांनी डोळे बारीक केले. ही बाई इतक्या लांबून उगाच आली नसणार.

"सर, तुमचं स्वतःचं पहिलं काम कोणी तपासलं?"

"तेव्हा होतंच कोण? मीच तर सुरुवात केली."

"म्हणजे ते न तपासताच आत आलंय. नियमाने आजच बाहेर काढायला हवं."

"ते काढलं तर सगळंच बंद पडेल, बाई."

"म्हणूनच मी ते तपासलं," नसीमबाई शांतपणे म्हणाल्या. "परत आलेलं पुस्तकही ते हरवलं म्हणून दाखवतं, आणि माझे वाचक चोर ठरतात. माझी दुरुस्ती त्याचीच आहे."

पद्माकररावांनी लॅपटॉप उघडला आणि खोट सापडणारच, या खात्रीने बाईंची प्रत्येक ओळ, ती ज्या जुन्या ओळीच्या जागी येणार होती तिच्यासकट, दोनदा वाचली. खोट सापडलीही, पण ती नऊ वर्षांपूर्वीच्या ओळीत होती, आणि त्या ओळीपुढे नाव त्यांचंच होतं.