कडू कण्हेर

फार जुनी, ओढ्याला नाव पडायच्याही आधीची गोष्ट. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या पात्रात, गोट्यांमधून मुळं रोवून एक गुलाबी कण्हेर उभी होती. काठावरचं सगळं हिरवं शेळ्यांनी फस्त केलं होतं. हिच्या विषारी पानांना मात्र कोणी तोंड लावत नसे. सावलीलाही कोणी थांबत नसे, आणि तेच तिला खुपायचं.

एके दिवशी म्हातारी शेळी साखर पेरत आली. "कण्हेरबाई, रूप एवढं देखणं आणि पान कडूजहर? जरा गोड हो. सगळा कळप तुझ्या पायाशी बसेल बघ."

कण्हेरीला मोह पडला. तेवढ्यात बुंध्याशी नुकतीच राहायला आलेली टिटवी कुजबुजली, "ताई, खाली बघ."

गोट्यांत गोट्यांसारखीच दिसणारी चार ठिपकेदार अंडी होती. कळप आला असता, तर खुरांखाली एकही उरलं नसतं.

"मी कडूच राहणार," कण्हेर म्हणाली. "मुळापासून शेंड्यापर्यंत कडू."

"मग राहा एकटी!" शेळी फणकारली. "तुझ्याकडे कुत्रंसुद्धा फिरकायचं नाही!"

"आजी, तुमच्या तोंडात साखर पडो!" टिटवी म्हणाली आणि अंड्यांवर निवांत बसली.