किनाऱ्यावरून दिसणारे शीड

एका खाडीकाठच्या गावात एकदा एक लाकडाचा व्यापारी नौकानयनाच्या नादी लागला. पोटासाठी समुद्रावर जाणारे त्या गावात पुष्कळ होते, हा मात्र निव्वळ हौसेने जाई. हौसेने माणसाला चाळिशीत गाठले की ती मोठी हट्टी होते. दुकान, पाहुणे, लग्नकार्ये यांनी मग तिच्या सवडीने चालायचे असते.

गावात अप्पा नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला आणि प्रत्येक सुटी शिडाच्या होडीत घालवली. व्यापाऱ्याने त्यांनाच गुरू केले. पहाटे जमिनीवरून वाहणाऱ्या मतलई वाऱ्याबरोबर बाहेर पडावे आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की त्याच्या पाठबळावर घरी यावे, हे त्याला अप्पांनी शिकवले. शिष्य हुशार निघाला. काही वर्षांत त्याने होडीच्या नाकापुढे उसळणारे डॉल्फिन पाहिले, अंधारात वल्ह्याखाली पेटणारे निळे पाणी पाहिले. बेटाच्या आडोशाला नांगर टाकून त्याने स्वतः शिजवलेली पेज खाल्ली. किनारा पुरता दिसेनासा झाल्यावरचा एकटेपणाही त्याच्या ओळखीचा झाला.

आता त्याला एकच ध्यास लागला होता. दक्षिणेकडच्या दूरच्या दीपगृहापर्यंत एकट्याने जाऊन यायचे. तो अप्पांकडे आज्ञा मागायला गेला.

अप्पा म्हणाले, "जा. पण हौशी दर्यावर्दीने घ्यावा असा एक अनुभव तुझा राहिलाय. तेवढा घे आणि मग खुशाल जा."

"कोणता?"

"उद्या पहाटे होडी तयार ठेव. आणि सूनबाईंनाही घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पहाटे व्यापारी होडीत पाय टाकणार, तोच अप्पांनी त्याला हाताने थांबवले. "तू नाही. सूनबाई, तुम्ही बसा."

व्यापाऱ्याची बायको गोंधळली. लग्नाला सतरा वर्षे झाली होती, पण ती कधी होडीत बसली नव्हती. तिला पाण्याची भीती वाटते, असे व्यापारी सर्वांना सांगे. तिला विचारायचे मात्र त्याला कधी सुचले नव्हते. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, पदर खोचला आणि ती होडीत जाऊन बसली.

"आणि मी काय करू?" व्यापाऱ्याने विचारले.

"तू त्या खडकावर बस. दुपारच्या वाऱ्यावर आम्ही येतोच."

व्यापारी मनातून चिडला. गुरूंना म्हातारचळ लागला की काय, असेही त्याच्या मनात येऊन गेले. पण शीड वाऱ्याने भरले आणि तो पाहतच राहिला. हौसेने काताच्या रंगात रंगवून घेतलेले ते शीड त्याने आजवर फक्त खाली बसून, मान वर करून पाहिले होते. पाण्यावरून निघालेले ते इतके देखणे दिसते, हे त्याला ठाऊकच नव्हते. मग ते लहान होत गेले. लहान होता होता पानाएवढे झाले, आणि क्षणभर त्याने डोळे चोळले तेवढ्यात नाहीसे झाले.

मासे वाळत घालायला निघालेली एक कोळीण त्याला पाहून थांबली. "शेट, आज तुमी इथं? आणि बाई कुठं गेली?"

"कुठली बाई?"

"तुमची बाई हो! तुमी दर्यात गेलाव का इथंच बसती ना ती. शीड दिसलं का पळतच घरी जाती."

व्यापाऱ्याला घरचा भात आठवला. तो परतला की घरात चुलीवरून भात नुकताच उतरलेला असे, आणि बायकोला आपली वेळ बिनचूक कळते याचे तो चारचौघांत कौतुक करी.

दुपार झाली, पण खारा वारा सुटला नाही. समुद्र तापत राहिला. दूरचे प्रत्येक पाखरू, लाटेची प्रत्येक सावली त्याला शीड वाटू लागली. अप्पा कसलेले आहेत, हवा शांत आहे, भिण्याचे कारण नाही, हे सारे त्याला कळत होते. पण छातीत जे चालले होते त्याला कारणे कळत नव्हती. आपण तिला आजवर पुरते पाहिलेलेच नाही, ती परत यावी आणि तिला डोळे भरून पाहावे, एवढीच एक ओढ त्याच्यात उरली होती.

उन्हे कलल्यावर वारा आला आणि मागोमाग शीडही आले. व्यापारी कमरेइतक्या पाण्यात धावला आणि त्याने होडीची कड घट्ट धरली. सुकाणूवर त्याची बायको बसली होती. केस विस्कटलेले, चेहरा उन्हाने लाल, आणि डोळ्यांत असा काही आनंद की त्याला ती क्षणभर परकीच वाटली.

"अहो, पाण्यात कशाला आलात? मी येतच होते ना!" ती म्हणाली.

हे वाक्य त्याचेच होते. घरी यायला उशीर झाला की 'मी येतच होतो ना' असे तोही इतक्याच सहज म्हणे.

"खडकावर बसतेस हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर तुमचं अर्धं मन किनाऱ्याकडेच राहिलं असतं. मग कसली मजा आली असती तुम्हाला?"

व्यापारी होडी किनाऱ्याकडे ओढू लागला. अप्पा म्हणाले, "अरे, प्रत्येक सफर दोघांची असते. एक जातो आणि एक वाट पाहतो. जाणाऱ्याला समुद्र दिसतो, पण त्या सफरीची खोली वाट पाहणाऱ्यालाच कळते. माझी बायको होती तोवर मी परत येत असे. आता किनाऱ्याला लागतो, इतकंच. होडी तीच आहे, वाराही तोच आहे, पण परत आल्यासारखं वाटत नाही."

"मग मी दीपगृहाला जाऊ नको?"

"जा की," बायकोच म्हणाली. "पण त्याआधी मला एकदा तुम्ही न्या. त्या बेटापर्यंत."

तो तिला बेटावर घेऊन गेला. आणि मग एका पहाटे एकटाच दीपगृहाकडे निघाला. आजवर निघताना त्याची नजर नेहमी पुढे असे. त्या दिवशी एक हात सुकाणूवर ठेवून तो मागे वळून पाहत राहिला. खडकावर त्याची बायको उभी होती. तिच्या शेजारी, डोळे बारीक करून, अप्पा उभे होते. दुसऱ्याचे शीड दिसेनासे होईपर्यंत किनाऱ्यावर थांबण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती.